साठ एफपीएस मिळतो ना, मग तक्रार कसली?

कॉम्प्युटरच्या दुकानात, यूट्यूबवरच्या रिव्ह्यूत आणि आता आमच्या गल्लीतल्या दहावीच्या पोरांच्या तोंडीही एकच आकडा असतो, एफपीएस. ग्राफिक्स कार्ड एका सेकंदात पडद्यावर किती चित्रे काढते त्याची मोजणी. तीस म्हणजे गरीब, साठ म्हणजे खाऊनपिऊन सुखी, एकशे चव्वेचाळीस म्हणजे नवाब. खेळताना चित्र अडकते, झटके बसतात, अशी तक्रार घेऊन कुणी गेला की समोरून ठरलेले वाक्य येते : साठ एफपीएस मिळतो ना, मग तक्रार कसली?

या वाक्याविरुद्ध मला भांडायचे आहे. मी उर्दू आणि मराठी शिकवते, विलेपार्ल्यात राहते, बीएड आहे, इंजिनीयर नाही. 'मॅडम, हा तुमचा विषय नाही,' हे ऐकून झाले आहे. माझ्या मते हा भाषाशिक्षकाचाच विषय आहे. तो कसा ते पुढे येईलच. आधी हिशेब करू.

एका सेकंदात साठ चित्रे, म्हणजे प्रत्येक चित्राला १६.७ मिलिसेकंद. सगळी चित्रे या अंतराने आली तर डोळ्याला हालचाल सलग दिसते. आता दुसरा सेकंद घ्या. त्यात एकोणसाठ चित्रे दहा-दहा मिलिसेकंदांत आली. झाले ५९० मिलिसेकंद. उरलेल्या एका चित्राने ४१० मिलिसेकंद खाल्ले. बेरीज तीच, एक सेकंद. चित्रे तितकीच, साठ. दुकानदाराचा आकडा दोन्हीकडे साठच दाखवणार, आणि तो खोटे बोलत नसणार. पण दुसऱ्या सेकंदात पडदा जवळजवळ अर्धा सेकंद मेल्यासारखा थिजला होता. गाडी वळणावर होती, वळण संपले तेव्हा ती भिंतीत होती.

मुंबईकराला हे समजावून सांगायची गरज पडू नये. तासाला पंधरा लोकल म्हणजे सरासरी दर चार मिनिटांनी एक, असे वेळापत्रक सांगते असे समजा. संध्याकाळी पार्ल्याच्या फलाटावर उभे राहा. बारा मिनिटे काहीच येत नाही, मग एकामागोमाग तीन येतात. सरासरी चारच मिनिटे. पहिल्या गाडीला माणसे दरवाज्याला लोंबकळतात, तिसरी मोकळी जाते. आणि यातली खरी गोम अशी की, गाडी उशिरा येते तेव्हाच फलाटावर सगळ्यात जास्त माणसे असतात. म्हणजे वाईट अंतर फक्त एकदाच आले तरी ते सोसणारे बहुसंख्य असतात. सरासरी काढणारा गाड्या मोजतो, प्रवासी वाट पाहण्याची मिनिटे मोजतो. खेळणाऱ्याचे तेच. तो चित्रे मोजत नाही, दोन चित्रांमधले थांबणे त्याच्या बोटांना कळते.

आता माझ्या विषयाकडे. मराठीच्या तासाला मी भुजंगप्रयात शिकवते. एका चरणात बारा अक्षरे, चार वेळा य गण, म्हणजे लघु-गुरू-गुरू चार वेळा. लघूची एक, गुरूच्या दोन, अशा एकूण वीस मात्रा. उर्दूच्या तासाला तीच चाल बहर-ए-मुतकारिब म्हणून येते : फऊलुन फऊलुन फऊलुन फऊलुन. लिपी वेगळी, नाव वेगळे, ठेका तंतोतंत एक. (दोन्ही भाषांची पोरे एकाच वर्गात बसवून हे टाळीवर म्हणून घ्यावे अशी माझी जुनी इच्छा आहे, पण वेळापत्रक तसे होऊ देत नाही.) आता तीच बारा अक्षरे, तेच चार लघु, तेच आठ गुरू घ्या आणि त्यांची जागा बदला. चारही लघु सुरुवातीला ढकला. मात्रा मोजा, वीसच भरतील. पण ओळ म्हणून पाहा, जीभ ठेचकाळेल. माझा कुठलाही विद्यार्थी 'टीचर, मात्रा वीस आहेत ना, मग वृत्त का चुकले?' असे विचारणार नाही, कारण त्याला ऐकू येते. वृत्त बेरजेत नसते, क्रमात आणि अंतरात असते. चित्राची सलगताही तिथेच असते.

दादासाहेब फाळक्यांच्या काळातल्या कॅमेरावाल्यालाही हे ठाऊक होते. फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत. दांडा एकदा फिरवला की साधारण आठ चित्रे, सेकंदाला दोन फेऱ्या म्हणजे सोळा. मिनिटाच्या एकूण फेऱ्या बरोबर भरल्या तरी हात मध्येच ढिला आणि मध्येच घाईत चालला की पडद्यावरची माणसे उड्या मारत चालायची. म्हणून मनात ठेका धरून हात फिरवावा लागे. शंभर वर्षांपूर्वी जे हाताला कळत होते ते आज हजारो रुपयांच्या कार्डाच्या खोक्यावर लिहिलेले नसते.

ग्राफिक्स कार्डांच्या जगाला हे कळायला २०११ साल उजाडले. तोवर बहुतेक परीक्षणे सरासरी एफपीएसचे दांडे काढून मोकळी होत. स्कॉट वॉसन नावाच्या अमेरिकन परीक्षकाने 'द टेक रिपोर्ट'मध्ये सेकंदाच्या आत शिरून पाहिले. प्रत्येक चित्राला किती मिलिसेकंद लागले ते मांडले, आणि सरासरीत पुढे असलेली कार्डे काही वेळा प्रत्यक्षात जास्त अडखळताना दिसली. सगळ्यात मोठी पंचाईत दोन कार्डे जोडून चालवणाऱ्यांची झाली. त्या व्यवस्थेत एक चित्र पहिले कार्ड काढी, पुढचे दुसरे. दोघांचे ताल जुळले नाहीत की एक चित्र आले न आले तोच त्यावर दुसरे येऊन पडे. पहिल्याची पडद्यावर काही ओळींची बारीक पट्टी तेवढी दिसे. अशा चित्राला 'रंट' म्हणू लागले, म्हणजे खुरटलेले. मोजणीत मात्र ते पूर्ण एक धरले जाई.

हजेरीपट भरणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला हा प्रकार ओळखीचा वाटेल. नाव घेतल्यावर 'हाजिर' म्हणायचे आणि मागच्या दाराने पसार व्हायचे. पटावर विद्यार्थी शंभर टक्के, बाकावर कुणी नाही.

२०१३ मध्ये एनव्हिडियाने एफकॅट नावाचे साधन परीक्षकांच्या हाती दिले. प्रत्येक चित्राच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी ओढायची, पडद्यावर प्रत्यक्ष जे उमटते ते रेकॉर्ड करायचे आणि कुठला रंग किती उंचीचा दिसला ते मोजायचे. एनव्हिडियाने हे पुण्यकर्म म्हणून केले नव्हते, यात प्रतिस्पर्धी एएमडीची अडचण होणार हे त्यांना माहीत होते. पण मोजमाप खरे होते. दोन प्रोसेसरांचे रेडिऑन एचडी ७९९० हे कार्ड एएमडीने त्याच वर्षी ९९९ डॉलरला बाजारात आणले होते, आणि त्याच्या दुसऱ्या प्रोसेसरची बरीचशी कमाई अशा खुरट्या पट्ट्यांत जात होती. ऑगस्टमध्ये एएमडीने चित्रांमधले अंतर सारखे राखणारा ड्रायव्हर काढला. कार्ड तेच, सरासरी जवळपास तीच, चित्र मात्र सुरळीत. वॉसन पुढे एएमडीतच नोकरीला लागले, हेही सांगून टाकते. ज्याने दोष दाखवला त्याला घरात घेण्याइतकी अक्कल त्या कंपनीला होती. आपल्याकडे अशा माणसाची बदली होते.

कुणाला वाटेल हे सगळे जुने झाले. मग जीटीएक्स ९७० ची गोष्ट घ्या. सप्टेंबर २०१४ मध्ये हे कार्ड ४ जीबी मेमरीचे म्हणून आले. जानेवारी २०१५ मध्ये उघड झाले की त्यातली साडेतीन जीबीच वेगवान आहे, शेवटची अर्धी जीबी बरीच मंद. खेळाने साडेतीनची रेघ ओलांडली की अडखळायची भीती. सरासरीत हे फारसे दिसत नव्हते, म्हणून परीक्षणांतूनही निसटले. अमेरिकेत खटला झाला, २०१६ मध्ये समझोता झाला आणि तिथल्या ग्राहकांना कार्डामागे ३० डॉलर द्यायचे ठरले.

आणि अगदी ताजे, जानेवारी २०२५. लास व्हेगासच्या मंचावरून एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी सांगितले की ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे आरटीएक्स ४०९० ची कामगिरी देईल. ते ४०९० आले तेव्हा १,५९९ डॉलरचे होते. हा चमत्कार कसा? नव्या कार्डात खेळाने खरोखर काढलेल्या एका चित्रामागे आणखी तीनपर्यंत चित्रे एआयने मधे भरली जातात, आणि मोजणीत ती चारही येतात. मधे भरलेल्या चित्राने हालचाल दिसायला मऊ होते, हे खरे आणि त्याचा उपयोगही आहे. पण तुम्ही बटण दाबले की खेळ उत्तर देतो ते खऱ्या चित्रांवर. मधले चित्र बनवायचे तर पुढचे खरे चित्र हातात येईपर्यंत थांबावे लागते, म्हणजे उत्तर थोडे उशिराच येते. मुळात सेकंदाला पंचवीस-तीस चित्रे निघत असतील तर आकडा शंभरावर जाईल आणि हात मात्र चिखलात असल्यासारखा चालेल. वॉसनने जो आकडा २०११ मध्ये उघडा पाडला, त्याच आकड्याला चौदा वर्षांनी नवे कपडे घालून पुन्हा मंचावर उभे केले. टाळ्या पडल्या.

हे सगळे अमेरिकेतल्या मंचांवर राहिले असते तर मी लिहायला बसले नसते. पण त्या आकड्याचा शेवटचा भोक्ता आपल्याकडे आहे. माझा एक जुना विद्यार्थी, नेहरूनगरला राहणारा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करून घराला हातभार लावतो. अब्बा रिक्षा चालवतात. दोन वर्षांपूर्वी त्याने साठवलेल्या अठ्ठावीस हजारांत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातून वापरलेले कार्ड घातलेला जोडणीचा पीसी घेतला. दुकानात चालवून दाखवला, कोपऱ्यात सत्तरचा आकडा झळकत होता. घरी आणला तर दर काही सेकंदांनी झटका. खेळतानाही, आणि व्हिडिओच्या टाइमलाइनवरही. तो तीनदा दुकानात गेला. तिन्ही वेळा कोपऱ्यातल्या आकड्याकडे बोट दाखवून त्याला परत पाठवले. तिसऱ्यांदा दुकानदार म्हणाला, 'भाई, सत्तर येतोय. वहम आहे तुझा.'

वहम! ज्याला दिसते त्याला वेडा ठरवायचे आणि ज्याला दिसत नाही त्या आकड्याला साक्षीदार करायचे, हा सरासरीचा सगळ्यात वाईट उपयोग. माझ्या भाच्याला यातले कळते. त्याने एमएसआय आफ्टरबर्नर हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर टाकून आलेख काढला. सरासरी एकाहत्तर, दुकानदार खराच. पण सगळ्यात मंद एक टक्का चित्रांचा वेग, ज्याला 'वन पर्सेंट लो' म्हणतात, तो फक्त एकोणीस. आलेखात कंगव्याच्या दातांसारखे सुळके. कार्ड निर्दोष निघाले. पीसीत रॅमची एकच आठ जीबीची पट्टी होती. दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते मिळतात, इथे एकच रस्ता, आणि आठ जीबी भरली की सगळा माल डिस्कवर. 'पुढे वाढवायला जागा राहील' असे सांगून एकच पट्टी द्यायची, हा स्वस्त जोडणीतला नेहमीचा प्रकार. दोन हजारांच्या आत दुसरी पट्टी आली. सरासरी एकाहत्तरची अठ्ठ्याहत्तर झाली, म्हणजे सांगण्यासारखे काही नाही. एकोणीसचे मात्र बावन्न झाले. त्या पोराचा 'वहम' दोन हजारांत बरा झाला.

झटक्यांची कारणे अशी अनेक असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. कार्डाची स्वतःची मेमरी भरली तर नव्या जागी शिरताना अडकते. खेळातला एखादा स्फोट किंवा धूर पहिल्यांदाच दिसताना अडकत असेल आणि दुसऱ्यांदा नाही, तर त्या दृश्याचा छोटा प्रोग्राम ऐनवेळी तयार होतो आहे, दोष कार्डाचा नसून खेळ बनवणाऱ्याचा. वीस मिनिटे छान चालून मग वेग पडत असेल तर उष्णता. एप्रिल-मेमध्ये बिनएसीच्या दहा बाय बाराच्या खोलीत, पंख्यात धूळ बसलेल्या कार्डाचे दुसरे काय होणार? मोबाइलवर बीजीएमआय खेळणाऱ्या पोरांचेही हेच, नव्वद एफपीएसची सेटिंग लावतात आणि फोन तापला की हात चोळत बसतात. मुद्दा असा की कुठे अडते ते पाहिले तर का अडते ते कळते, आणि एका आकड्यात नेमके तेवढेच पुसले जाते.

एक आक्षेप हुशार माणसे घेतात. सिनेमा चोवीस चित्रांचा असतो, डोळ्याला त्यापेक्षा जास्त दिसत नाही, मग हे चोचले कशाला? सिनेमाचे चोवीस सारख्या अंतराने येतात, आणि चालत्या वस्तूचा पुसटपणा प्रत्येक चित्रात आधीच उतरलेला असतो. शिवाय सिनेमात तुम्ही काही चालवत नसता. प्लेस्टेशनवर ठरवून तीसवर बांधलेले खेळ लोक आनंदाने खेळतात. पण त्यातलाच २०१५ चा 'ब्लडबोर्न' तीसवर बांधलेला असूनही खटकत राहिला, कारण तीस चित्रांमधली अंतरे सारखी नव्हती. चाळीस आणि साठमध्ये झोके खाणाऱ्यापेक्षा एकसारखे तीस बरे, हे डोळा सांगतो.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला. वडीलधारी माणसे म्हणतात, पोरांनी खेळूच नये, अभ्यास करावा, मग कार्ड अडखळले काय न अडखळले काय. रात्री दोनपर्यंत खेळणाऱ्या पोराचा पीसी बंद करायला मी स्वतः उठते, त्याबद्दल वाद नाही. पण 'तुझा नाद वाईट' हे 'तुला कमी माप दिले तरी चालेल' याचे कारण कसे होते? माप मारणाऱ्यांच्या नावाने कुरआनात एक आख्खी सूरह आहे, अल-मुतफ्फिफीन. त्यात घेणाऱ्याचा छंद काय आहे याची चौकशी नाही. आणि नाद म्हणून ज्याला हिणवता त्याच कार्डावर हा मुलगा लग्नाचे व्हिडिओ करून लाइटबिल भरतो.

मला राग येतो तो या सवयीचा, कारण ती मी रोज शाळेतही पाहते. जुलै २०२१ मध्ये केंद्राचे निपुण भारत अभियान सुरू झाले. तिसरीच्या मुलाने अर्थ समजून मिनिटाला किमान साठ शब्द वाचावेत हे त्याचे एक उद्दिष्ट. योगायोग पाहा, इथेही साठच. उद्दिष्टात 'अर्थ समजून' आहे, ते चांगले आहे. पण कागद वरवर जात जातो तसतसे अर्थ गळतो आणि साठ उरतात. माझ्यासमोर दोन मुली वाचतात. एक संथ, एकसारखी. दुसरी भरधाव सुटते, 'ज्ञानेश्वर'पाशी येते, थांबते, ओठ हलवते, मग पुन्हा भरधाव. घरी उर्दू बोलणाऱ्या मुलांना 'ळ' अडवतो, जोडाक्षरे अडवतात. मराठी घरातले मूल उर्दू शिकायला आले की जेर-जबर नसलेल्या शब्दापुढे तसेच उभे राहते. दोघींचे साठ भरतात, दोघींपुढे बरोबरची खूण होते. पण मला शिकवायला उपयोगी काय आहे? ती जिथे थांबली ती जागा. तिचे थांबणे हीच माझ्यासाठी माहिती आहे, आणि तक्त्यात तिला रकाना नाही. तिसरा एक मुलगा बोलतानाच अडखळतो. त्याचे चाळीस होतात. तो 'अप्रगत'. त्याला अर्थ सगळ्यात जास्त कळतो, हे मी शेऱ्यात लिहिते. शेरा कुणी वाचत नाही.

म्हणून तंत्राची नावे पाठ नसली तरी हा भाग माझा आहे. 'मुलाला कळते ते खरे की रकान्यातले खरे' हा वाद मी वीस वर्षे एका बाजूने लढते आहे, दुकानात जाऊन बाजू बदलणार नाही.

कार्ड घ्यायला जाणाऱ्यांनी, विशेषतः वापरलेले घेणाऱ्यांनी, एवढे करावे. कोपऱ्यातला एफपीएस पाहून पैसे काढू नयेत. आफ्टरबर्नर किंवा कॅपफ्रेमएक्स, दोन्ही फुकट आहेत, लावायला सांगावे. आपण जो खेळ खेळतो तोच, दुकानाने निवडलेला नव्हे, किमान पंधरा मिनिटे चालवावा. पाच मिनिटांत कार्ड तापत नाही. फ्रेम टाइमची रेघ पाहावी. ती सपाट हवी, थोडी वरखाली चालेल, सुळके नकोत. वन पर्सेंट लो विचारावा, आणि मधे भरलेली चित्रे बंद करून विचारावा. रॅमच्या पट्ट्या किती ते झाकण उघडून स्वतः मोजावे. रिव्ह्यू करणाऱ्या आपल्या हिंदी-मराठी यूट्यूबवाल्यांना खाली कमेंटमध्ये रेघ मागावी. पाचशे जणांनी मागितली तर तेही दाखवू लागतील.

दुकानदार 'एवढा वेळ नाही' म्हणाला तर बाहेर पडावे. लॅमिंग्टन रोडवर शेजारीच दुसरे दुकान असते, आणि त्याच्या शेजारी तिसरे.